आधीच केलेली खूण

फेब्रुवारी. त्रेबीच. पाचवा मजला, लिफ्ट बंद.
हुबेनोवाबाईंनी दार उघडलं ते सपाता पुढे करूनच,
बूट बाहेर, ही इथली रीत.
"पूर्वी कॉम्प्युटर उठेपर्यंत कॉफी व्हायची,
आता कॉफी पिऊन कप विसळून होतो."

मी बसलो. ब्राउझर उघडला,
तर निम्मी खिडकी पाहुण्यांनी भरलेली.
तीन टूलबार, एकाखाली एक,
थंडीत एकावर एक चढवलेल्या स्वेटरांसारखे.
कूपनं वाटणारं एक माकड, डोळा मारणारं.
एक सफाईवाला, जो म्हणतो ४१२ चुका सापडल्या,
आणि झाडूला हात लावण्याआधी पैसे मागतो.
आणि हवामान. तेही हॅलिफॅक्सचं.

या सगळ्यांच्या मधोमध, हिरवी ढाल छातीवर लावून,
तो पहारेकरी.
त्याच्याच पाठुंगळी बसून हे आत आलेले.
कुंपणानं शेत खाल्लं, असं म्हणवत नाही.
कुंपण राखत होतं इमानानं,
फक्त फाटक त्यानं भाड्यानं दिलं होतं.

"फुकट होता हो," बाई म्हणाल्या, जराशा ओशाळून.

मी इन्स्टॉलर पुन्हा उघडला.
तळहाताएवढं हिरवं बटण: सहमत, पुढे.
खाली मुंग्यांच्या ओळीसारखी राखाडी अक्षरं,
चौकोन, चौकोनात खूण.
आणि पार कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येऊ नये असा
एक शब्द: निवडक.

"ही खूण तुम्ही केलीत?"
"नाही. ती होतीच."
"मग काढली का नाहीत?"

बाईंनी चष्मा काढला, पदार्थ चाखावा तसं
काहीतरी तोंडात घोळवलं. मग म्हणाल्या,
"आमच्या वेळी मतपत्रिका यायची ना,
नावं छापलेली. करायचं काहीच नाही.
घडी घालायची, पेटीत टाकायची.
कोपऱ्यात पडदा होता. पडद्यामागे पेन्सिल.
कुणी मनाई केली नव्हती बरं का, जा की खुशाल.
टेबलापासून पडद्यापर्यंत सात पावलं.
आणि त्या सात पावलांवर अख्ख्या हॉलचे डोळे.
दातांचे डॉक्टर सेडमीक एकदा गेले.
त्या वर्षी त्यांच्या मुलीला कॉलेज मिळालं नाही.
मी बुटांच्या कारखान्यात वाद्या शिवत होते, दोन पोरं होती.
चौपन्न वर्षांची होईपर्यंत मी घडीच घातली."

"पण बाई, आता इथे कोण पाहतंय?"
"तेच तर," त्या म्हणाल्या.
"कुणी पाहत नव्हतं,
तरी हात हिरव्याकडेच गेला."

यावर मला काही सुचलं नाही.
मी काढायला लागलो एकेकाला.
कुणी विचारी, खरंच जाऊ? कुणी रडका चेहरा दाखवी.
एकानं तर प्रश्नच असा टाकला
की नको म्हणायला हो दाबावं लागलं.
दोन तास. मधे बाबोव्काची एक जाड फोड.
हॅलिफॅक्सपाशी त्यांनी माझा हात धरला.
"ते असू दे. तिकडे उणे चौदा आहे.
वाचलं की इथलं सोसतं."

शेवटी खुर्ची त्यांना दिली.
माउस टेबलावर घसरत गेला, थांबला,
हिरव्याशी घुटमळला, मग कोपऱ्याकडे वळला.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो, मुद्दाम.
टिक. टिक. टिक.
तीन खुणा पुसल्याचा आवाज
रिकाम्या खोलीत केवढा तरी मोठा वाटला.

तीनशे क्राऊन त्यांनी पाकिटात घालून दिले.
निघताना मी सवयीनं दुकानाचं कॅलेंडर पुढे केलं,
टॉनरची जाहिरात छापलेलं.
"घ्या, फुकट आहे."

बाईंनी चष्मा परत चढवला.
कॅलेंडर उलटं केलं,
आणि दारातच, थंडी आत येत असताना,
मागची बारीक अक्षरं वाचू लागल्या.